सातेरी टेकडीचा नकाशा

भांडुप पश्चिमेला रिक्षा जिथे हात टेकतात तिथून पायऱ्या सुरू होतात, आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सातेरी टेकडीची घरं. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या सोडून आलेली मालवणी माणसं इथे वसली. गावची देवी त्यांनी वर एका कातळाच्या आडोशाला बसवली आणि तिच्याच नावाने टेकडी ओळखली जाऊ लागली.

दिशा परब या टेकडीवरच लहानाची मोठी झाली. भूगोलात एमएस्सी केलं, उपग्रहाची चित्रं वाचायला शिकली आणि अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत लागली. टेकडीवरच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष बाळा गावडे एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "परबांचा चेडू आकाशातसून फोटो काढता." दिशाने एकदोनदा समजावून पाहिलं, की काका, फोटो उपग्रह काढतो, मी नुसते बघते. काकांना तो फरक मान्य नव्हता.

त्या वर्षी संस्थेकडे मोठं काम आलं. पूर्व उपनगरांसाठी सगळ्यांच्या सामायिक वापराची निरीक्षण यंत्रणा आखायची होती. उपग्रहाची रडारचित्रं, टेकड्यांचा झुकाव मोजणारी यंत्रं, पर्जन्यमापक, खाडीतली पाण्याची पातळी, सगळं एका जागी यायचं आणि सगळी खाती ते मिळून वापरणार. मात्र यंत्रं घेण्याआधी, ज्यांच्यासाठी ती घ्यायची त्यांना विचारायचं, असं ठरलेलं होतं. खाडीकाठच्या कोळ्यांना, सोसायट्यांना, शाळांना आणि टेकड्यांवरच्या वस्त्यांना.

प्रकल्पाचे प्रमुख मार्तंड गुप्ते दिशाला म्हणाले, "भांडुपची टेकडी तुझ्याकडे. तुला तिथे कोणी परकं समजणार नाही."

दिशालाही तसंच वाटत होतं.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत तिने बैठक घेतली. भिंतीवर पांढरी चादर लावली आणि प्रोजेक्टरवरून टेकडीचं आकाशातून घेतलेलं चित्र त्यावर टाकलं. खोलीत एकदम कल्ला झाला. ज्याला त्याला आपलं घर शोधायचं होतं. ती निळी ताडपत्री आमची, हा नळाचा चौक, हे देऊळ. अक्षता तांबे तिसऱ्या रांगेत राहायची, दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती पार चादरीपर्यंत गेली आणि मुलीचं बोट घराच्या पत्र्यावर टेकवून आली. दिशा मनातल्या मनात खूश झाली. झकास चाललंय, असं तिला वाटलं.

मग बाळाकाकांनी विचारलं, "गो दिशा, ह्यो फोटो आणिक कोणाकोणाक गावतलो?"

तिने खरं ते सांगितलं. यंत्रणा सामायिक आहे, म्हणजे सगळ्या खात्यांना.

"घरां मोडतत, त्यांकाय?"

"काका, ते खातंसुद्धा यंत्रणेत आहे. पण हे त्यासाठी नाहीये ना."

काही वर्षांपूर्वी अशीच माणसं टेकडीवर आली होती. तुमच्या भल्यासाठी मोजणी आहे म्हणाली, खालच्या रांगेतल्या दारांवर रंगाने आकडे टाकून गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती रांग उचलून लांबच्या इमारतींत नेऊन टाकली. दिशाची लतामावशी त्यांच्यातच होती. तिची मुलं अजून दोन गाड्या बदलून भांडुपच्या शाळेत येतात. हे दिशाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण प्रोजेक्टरची तार जोडताना ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकेक जण उठून गेला. शेवटी अक्षता तेवढी राहिली. सतरंजीची घडी घालता घालता ती म्हणाली, "दिशाताई, तू तरी असं करायला नको होतंस."

घरी वनमाला, दिशाची आई, पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती. वनमाला मंडळाच्याच मागच्या खोलीत पाळणाघर चालवायची, टेकडीवरची निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. बैठकीत ती शेवटच्या ओळीत बसली होती आणि इतरांबरोबर उठून आली होती.

"तू पण उठलीस," दिशा म्हणाली.

"मग काय करणार होते? लताचं दार मी डोळ्यांनी बघितलंय. आकडा टाकला तेव्हा ती चहा देत होती त्या माणसांना."

"आई, मी त्यातली आहे का?"

"तू नाहीस. पण तुझा फोटो कोणाच्या हातात जाईल ते तुझ्या हातात आहे काय? नाय ना. मग कशाला बोलावलंस लोकांना? घरं ओळखायला?"

दिशा पोहे न खाताच बाहेर पडली आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. तिला राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गुप्त्यांनी विचारलं, "काय, झाली बैठक?"

"झाली सर. लोक पुष्कळ आले होते. मग उठून गेले."

गुप्ते हसले, पण दमल्यासारखे. ते मुलुंडचे, वडिलांपासूनचे. कामात चोख, माणसांत जरा अवघडलेले. त्यांच्या टेबलावर चार खात्यांच्या फायली आणि आराखड्याची तारीख तोंडावर आलेली. "बैठक झाली एवढं अहवालात लिही, पुढचं नंतर बघू," असं ते म्हणाले. दिशा म्हणाली, "झाली असं कसं लिहू? मी दाखवलं, त्यांनी बघितलं. विचारलं कुठे काय?" गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तिला दोन आठवडे दिले.

त्या दोन आठवड्यांत दिशा रोज संध्याकाळी टेकडीवर घरोघर गेली. लॅपटॉप नाही, काही नाही. सुरुवातीला दारातूनच बोळवण व्हायची. मग कोणी पाणी विचारलं, कोणी बस म्हणालं. ती एकच विचारायची, पावसाळ्यात तुम्हाला काय आधी कळलं तर बरं होईल? उत्तरं नाना तऱ्हेची आली. टँकर कधी येणार ते कळू दे, हे जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. नाल्याला पाणी कधी चढेल ते कोणी विचारलं. अक्षताने आपला फोनच पुढे केला. गेल्या जुलैत आलेला संदेश त्यात होता, दरडप्रवण भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. "सुरक्षित स्थळ कुठलं, ते लिहिलंय का बघ," ती म्हणाली. "शाळेच्या हॉलला कुलूप होतं. पोरीला घेऊन तासभर जिन्यात उभी होते."

आणि एक भीती सगळ्यांची सारखी निघाली. देवळामागचा मोठा कातळ. बाळाकाका तर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो धोंडो एक दिवस देवीसकट खाली येतलो. तुझ्या त्या उपग्रहाक इचार, तो हलता काय."

विचारायला काय हरकत आहे, असं म्हणून दिशाने दुसऱ्या दिवशी जुनी रडारचित्रं काढली. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच वाटेवरून जातो आणि त्याच जागेचं चित्र घेतो. दोन चित्रं एकमेकांतून वजा केली की जमीन किती हलली ते बोटाच्या पेराइतकंसुद्धा कळू शकतं. टेकडीची दोन वर्षांची चित्रं संस्थेकडे पडून होती. सातेरी टेकडी कोणाच्याच कामात नव्हती, म्हणून ती कोणी उघडली नव्हती.

कातळ जागचा हलला नव्हता. दिशाने तीनतीनदा तपासलं. तो होता तिथेच होता. पण त्याच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या रांगेच्या आणि तिच्याखालच्या संरक्षक भिंतीच्या मधला उताराचा पट्टा दर पावसाळ्यात थोडा थोडा पुढे सरकत होता. अक्षताचं घर त्याच पट्ट्याच्या कडेला होतं.

ती चित्रं घेऊन गुप्त्यांकडे गेली. गुप्त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"असू शकतं," ते म्हणाले. "नसूही शकतं. पत्रे बदलले, झाडं वाढली, तरी रडार फसतं. जमिनीत झुकावमापक बसवल्याशिवाय मी सही करणार नाही."

"ते बसवायला टेकडीची परवानगी लागेल. ती लोक देणार नाहीत."

"मग?"

"मग त्यांना हे सांगूया."

"काय सांगणार दिशा? सरकतंय असं वाटतं पण नक्की नाही? घाबरतील लोक. आणि बातमी बाहेर गेली की हेच कारण पुढे करून कोणीतरी उद्या त्यांना उचलायला येईल. मग कोण जबाबदार?"

त्यांची भीती आणि टेकडीची भीती एकच आहे, हे दिशाच्या तेव्हा लक्षात आलं. ती म्हणाली, "सर, घर त्यांचं आहे. घाबरायचं की नाही, ते त्यांना ठरवू दे ना. आपण गप्प बसलो आणि भिंत गेली, तर मी त्या पायऱ्या कुठल्या तोंडाने चढू?"

गुप्त्यांनी चित्रं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाले, "तू एकटीने सांगू नकोस. मी येतो."

बैठकीला लोकांना बोलावलं ते वनमालाने. दिशाने तिला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला. "बोलावते. पण या वेळी भिंतीवर काही लावायचं नाय. तोंडाने बोला."

गुप्ते पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांचा शर्ट भिजला होता. खुर्ची पुढे केली तर ते सतरंजीवर बसले, मांडी नीट घालता येईना म्हणून पाय एका बाजूला घेतले. कसलीही प्रस्तावना न करता त्यांनी सांगितलं. कातळ स्थिर दिसतोय. तिसऱ्या रांगेखालचा उतार सरकत असावा. खात्री नाही, आणि खात्री करायला तुमची मदत लागेल.

अक्षताने मुलीला जवळ ओढलं. बाळाकाकांचा आवाज चढला. "दोन वर्सां तुमच्याकडे फोटो होते आणि कोणी बघूक नाय?"

"नाही बघितले," गुप्ते म्हणाले. "ही टेकडी आमच्या कामात नव्हती. दिशाने तुमच्या कातळासाठी ते काढले, तेव्हा हे दिसलं."

त्यांनी सबब दिली नाही, त्यामुळे पुढे भांडायचं कशावर हे बाळाकाकांना सुचेना. खाली भिंतीजवळ पाणी झिरपतं हे काहींनी पाहिलं होतं, पण ती साधी गळती वाटली होती. सगळ्यांनी वरच्या धोंड्यावरच नजर लावली होती. थोडा वेळ सगळेच एकदम बोलले. मग वनमालाने हात वर केला, पाळणाघरातल्या पोरांसाठी करायची तसा, आणि आश्चर्य म्हणजे लोक थांबले.

"यंत्र बसवा," ती म्हणाली. "पण पहिली खबर आमच्या फोनवर यायला पाहिजे, साहेबांच्या फोनवर नंतर. शाळेच्या हॉलची एक चावी टेकडीवर राहील. आणि नकाशात उतार दाखवा, घरं नाय."

"पहिली अट मी मान्य करतो," गुप्ते म्हणाले. "चावी माझ्या हातात नाही. नकाशाचं सगळी खाती मिळून ठरवणार. मी एकटा तिथे बोललो तर उपयोग नाही. तुमच्यातलं कोणीतरी चला."

सगळे बाळाकाकांकडे बघू लागले. काका म्हणाले, "माझ्याकडे कित्याक बघतास? मी गेलंय तर भांडान येतलंय. वनमालाक धाडा."

अशी वनमाला परब घाटकोपरच्या एका सभागृहात, लांबलचक टेबलाशी, नावाच्या पाटीमागे बसली. समोर खात्यांचे अधिकारी, शेजारी खाडीकाठच्या कोळीवाड्यातून आलेली सुलक्षणा कोळी. दिशा मागच्या खुर्चीवर होती. आईचे हात टेबलाखाली रुमाल पिळत होते, ते तिला दिसत होतं.

एका अधिकाऱ्याने मुद्दा मांडला, की घरनिहाय माहिती असेल तर मदत लवकर पोचते. तो वाईट हेतूने बोलत नव्हता. वनमाला आधी घोटभर पाणी प्यायली.

"साहेब, घर नकाशावर आलं की मग बोलणं घराचं होतं, भिंतीचं राहत नाय. आम्हाला भिंतीचं बोलायचंय."

मग सुलक्षणा म्हणाली, आम्हालाही गाळ कुठे साचतो ते सांगायचंय, पण जाळी कुठे लावतो ते सगळ्या गावाला दिसायला नको. तिथून चर्चेला वेगळीच दिशा मिळाली. माहिती कोणाला कुठपर्यंत दाखवायची, हा प्रश्न अजेंड्यावर नव्हता आणि दुपारभर तोच चालला. शेवटी ठरलं की सामायिक नकाशात चौकटी दिसतील, घरं दिसणार नाहीत. कोण कुठे राहतं ते वस्तीच्या मंडळाकडेच राहील आणि दरड कोसळली तरच ते बचाव पथकाला मिळेल. अधिकाऱ्याला हे पूर्ण पटलं नव्हतं आणि वनमालालाही नाही, पण दोघांनी मान डोलावली. चावीचं मात्र जमलं नाही. ती पुढे बाळाकाकांनी मिळवली, शाळेची बंद पडलेली लिफ्ट सुट्टीच्या दिवशी चालू करून देऊन.

झुकावमापक बसले. नळीएवढी यंत्रं, भिंतीच्या वर जमिनीत पुरलेली. महिनाभरात त्यांनी रडारचं म्हणणं खरं केलं. उतार सरकत होता. गुप्त्यांनी सही केली आणि भिंतीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव टेकडीच्या नावाने गेला.

श्रावणात एका दुपारी इशारा आला. टेकडीवर नव्याने बसवलेला भोंगा वाजला, फोन वाजले, आणि तिसरी रांग पिशव्या, स्टोव्ह, पोरं घेऊन शाळेच्या हॉलमध्ये आली. दिशा अंधेरीहून निघून येईपर्यंत हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या आणि वनमाला गोष्ट सांगत होती. लोकांनी ती रात्र तिथेच काढली. सकाळी पाऊस ओसरला. भिंत उभी होती. काहीही पडलं नव्हतं.

दिशाला वाटलं, वाट लागली. आता पुढच्या वेळी कोण निघणार? अक्षता पिशवी खांद्यावर टाकताना नुसतीच म्हणाली, "दोन घरची कामं बुडाली माझी."

म्हणून दिशाने पुढच्या रविवारी पुन्हा बैठक ठेवली आणि गुप्त्यांनाही बोलावलं. या वेळी तिने सरळ विचारलं. यंत्र किती हललं की भोंगा वाजवायचा, हे आम्ही ठरवलं होतं. ते तुम्ही ठरवा. उशिरा वाजला तर फुकटचा त्रास कमी, पण पळायला वेळही कमी. लवकर वाजला तर वेळ भरपूर, पण कधी कधी असं उगाच निघावं लागेल.

लोक टिंगल करतील अशी तिची तयारी होती. कोणी केली नाही. पुरुषांपैकी बरेच जण उशिराच्या बाजूचे होते. वनमालाही. रात्रपाळी करणारी माणसं दिवसा झोपलेली असतात, त्यांना सारखं उठवाल तर ती एक दिवस कानात बोळे घालून झोपतील, असं तिचं म्हणणं. दिशाला वाटलं होतं आई लवकर म्हणेल.

"लवकर वाजवा," अक्षता म्हणाली.

"अगं, तुझीच कामं बुडाली ना?" कोणीतरी विचारलं.

"बुडाली. म्हणून सांगते. मला भोंग्याचा राग नाय. एकदम सगळं उचलून पळावं लागतं, त्याचा राग आहे. आधी एकदा सांगा, की तयारीत राहा. मी शेठाणीला फोन करेन, पोरीला वनमालाकाकींकडे ठेवेन, भांडी बांधून ठेवेन. मग दुसऱ्यांदा वाजला की निघायचं."

गुप्त्यांनी खिशातून पेन काढलं. "पहिला फक्त फोनवर आला तर? भोंगा दुसऱ्यालाच?"

"हां, तसा चलात," बाळाकाका म्हणाले. "पण फोन बंद असलो तर शेजाऱ्यान दार वाजवूचा."

मग कोणी कोणाचं दार वाजवायचं यावर अर्धा तास वाद झाला. दिशा भिंतीला टेकून ऐकत राहिली. त्या अर्ध्या तासात तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिला फार बरं वाटत होतं.

दोन टप्प्यांचा इशारा आराखड्यात गेला. पुढे घाटकोपर आणि मुलुंडच्या वस्त्यांनी तो आपापल्या सोयीने बदलून घेतला. सातेरी टेकडीवर त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत पहिला इशारा तीनचार वेळा आला आणि भोंगा एकदाच वाजला. लोक निघाले. त्या वेळी भिंतीचं एक टोक सुटून खाली नाल्यात गेलं. रांगेत कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर नव्या भिंतीचं काम सुरू झालं. मागचं पाणी बाहेर काढायला आधी नळ्या घातल्या, मग पाया खणला. काम चालू होतं तोवर अक्षता आणि मुलगी पाळणाघरात राहिल्या. वनमाला दिवसभर पोरांची आणि संध्याकाळी या दोघींची उठबस, अशी कुरकुरत असायची, आणि अक्षता परत आपल्या घरी गेली त्या दिवशी वनमालानेच डबाभर घावणे बांधून दिले.

त्याच संध्याकाळी गुप्त्यांचा फोन आला. यंत्रणेचा आराखडा मंजूर झाला होता. वस्त्यांच्या प्रतिनिधींना समितीत कायमची जागा मिळाली होती, वनमाला परब आणि सुलक्षणा कोळी ही दोन नावं पहिली. पुढची बैठक मंगळवारी.

दिशाने फोन हाताने झाकून आईला सांगितलं.

"मंगळवारी कसं जमेल?" वनमाला म्हणाली. "पोरांना कोण बघणार? त्यांना सांग, शनिवारी ठेवा."

"आई, अगं अकरा खात्यांची बैठक आहे."

"असू दे. पाळणाघर माझं एकटीचं आहे."

दिशाने निरोप दिला. पलीकडून गुप्त्यांच्या हसण्याचा आवाज आला. दोन दिवसांनी कळवलं, बैठक शनिवारी ठेवली आहे.